दात तासण्याआधी

पुण्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये मी सिरॅमिस्ट म्हणून काम करते. दातांचे डॉक्टर मापं किंवा स्कॅन पाठवतात आणि आम्ही त्यावरून कॅपा, ब्रिज, व्हेनिअर घडवून देतो. गेल्या काही वर्षांत व्हेनिअरची कामं फार वाढली आहेत. लग्नसराईत, आणि परदेशातली मंडळी सुट्टीवर येतात त्या डिसेंबरात, आमच्या भट्ट्या रात्रीसुद्धा थंड होत नाहीत. ज्यांच्यासाठी हे काम चालतं त्यांतली बहुतेक माणसं मला कधी भेटत नाहीत. त्यांचे दात मात्र मी भिंगाखाली तासन्‌तास पाहते. तिथे जे दिसतं ते त्या माणसाला दात तासण्याआधी कोणी समजावून सांगितलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पोर्सेलीनचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. एका पद्धतीत आम्ही दाताचा आकार मेणात कोरतो, त्याचा साचा करतो, मेण जाळून टाकतो आणि नऊशे अंशांच्या आसपास मऊ झालेलं लिथियम डायसिलिकेट, म्हणजे काचेसारखं सिरॅमिक, त्या पोकळीत दाबतो. दुसरी पद्धत जुनी आणि माझ्या आवडीची. पोर्सेलीनची पूड द्रवात कालवायची आणि बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे. हिरडीच्या बाजूला थोडी उबदार पिवळसर छटा, मध्ये दाताचा मूळ रंग, कडेला निळसर पारदर्शक पूड. प्रत्येक थरानंतर टिश्यूने पाणी टिपायचं, नाहीतर आत बुडबुडे राहतात. भट्टीत सगळं आकसतं, म्हणून आकार मुद्दाम मोठा बांधायचा. भाजून निघालेला पापुद्रा उजेडाकडे धरला की कडेतून बोट अंधूक दिसतं.

हा पापुद्रा इतका ठिसूळ असतो की चिमटीत जरा जास्त दाबला तर तडकतो. तोच दातावर नीट चिकटला की पुढे वर्षानुवर्षं भाकरी-चपातीचे घास तोडतो. हे बळ त्याचं स्वतःचं नसतं, खालच्या दाताचं असतं. व्हेनिअर करायला निघालेल्या माणसाने पोर्सेलीनच्या कंपनीबद्दल विचारण्याआधी हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

दाताच्या बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाच्या हिशेबात त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. पण वरच्या पटाशीच्या दातावर हिरडीलगत ते जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, पुष्कळदा त्याहूनही कमी. खालच्या कडेकडे जाताना वाढत वाढत मिलिमीटरच्या आसपास पोहोचतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे हाड भरून येतं, कातडी भरून येते, तासलेलं इनॅमल कधीच भरून येत नाही.

अमेरिकेत रॉचेस्टरला काम करणाऱ्या मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिलं की फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमलचा पृष्ठभाग खरबरीत केला की त्यावर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं द्रव्य, पक्कं बसतं. त्याआधी हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डॉक्टर नटनट्यांच्या दातांवर असे पापुद्रे बसवत, पण ते कवळी चिकटवायच्या पावडरीने, चित्रीकरणापुरते. काम संपलं की काढून ठेवायचे. पुढे १९८३ च्या सुमारास पोर्सेलीनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खरबरीत करता येते हे सिमनसन आणि कॅलामिया यांनी मांडलं, आणि दोन्ही बाजूंनी पकड मिळाल्यावर आजचं व्हेनिअर शक्य झालं. या साऱ्या पकडीचा पाया इनॅमल आहे. त्याच्या आतलं डेंटीन ओलसर असतं, सूक्ष्म नलिकांनी भरलेलं असतं, दाबाखाली किंचित लवतं. त्यावरही चिकटवता येतं, पण तो सांधा इनॅमलइतका भरवशाचा राहत नाही. वर कडक काच आणि खाली लवणारा पाया अशी स्थिती झाली की काही वर्षांनी तडे जातात किंवा व्हेनिअर निखळून हातात येतं.

हल्ली बरेच डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवून फाइल पाठवतात. तासण्याआधीचा आणि तासल्यानंतरचा असे दोन्ही स्कॅन असतील तर मी ते पडद्यावर एकावर एक ठेवते. कुठे किती दात गेला ते रंगांत दिसतं. सोबतच्या फोटोत इनॅमल पांढरट आणि डेंटीन पिवळसर दिसतं. काही कामं पाहून हात जोडावेसे वाटतात. खोलीची खूण करणारं बर, म्हणजे तासायचं टोक, आधी फिरवून, तेवढंच आणि तिथेच काढलेलं असतं, कडेला सगळीकडे इनॅमलची चौकट शाबूत. आणि काही फाइली उघडल्या की जीव कळवळतो. चिठ्ठीवर 'व्हेनिअर' लिहिलेलं असतं आणि पडद्यावर दात चारही बाजूंनी कोरून खुंटी झालेली असते. त्यावर बसणार ती कॅप. २००२ साली एडेलहॉफ आणि सोरेनसन यांनी पुढच्या दातांवर मोजून पाहिलं होतं. व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ३ ते ३० टक्के जातो, पूर्ण कॅपेसाठी ६३ ते ७२ टक्के. जिथे दात आधीच किडून, तुटून किंवा रूट कॅनालने पोकळ झाला आहे तिथे कॅप हा योग्य उपाय असतो. धडधाकट दाताला केवळ रंगासाठी कॅप घालणं मला मान्य नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, 'माझा दात मागच्या बाजूने तासणार आहात का?' उत्तर 'हो' आलं तर कारण विचारावं.

यात आमच्या लॅबवाल्यांचाही वाटा आहे आणि तो मी लपवणार नाही. जाड पोर्सेलीनवर काम करणं सोपं असतं. रंग हवा तसा येतो, खालचा काळपटपणा झाकतो, भट्टीत तडकण्याची भीती कमी. त्यामुळे कित्येक लॅबमधून डॉक्टरांना निरोप जातो, 'सर, जरा अजून जागा द्या.' ती जागा म्हणजे कोणाचं तरी इनॅमल. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी सांगते, फोन उचलण्याआधी आहे त्या जाडीत काम होतं का ते मेणात करून बघा. पुष्कळदा होतं.

आता 'न तासता व्हेनिअर' अशाही जाहिराती दिसतात. काही तोंडांत ते खरोखर जमतं. दात लहान असतील, आत झुकलेले असतील, मध्ये फटी असतील तर मुळीच न तासता सुंदर काम होतं. पण दात आधीच पुढे असतील आणि त्यावर आणखी थर चढला तर ओठ फुगतो आणि हिरडीपाशी पायरी तयार होते, तिथे अन्न अडकतं. वेडेवाकडे दात सरळ दिसावेत म्हणून व्हेनिअर मागणारी मंडळीही खूप. त्यात बाहेर आलेला दात रेषेत आणायचा म्हणजे तो खोल तासावा लागतो. तारा किंवा अलाइनर लावून दात जागेवर आणले तर पुष्कळदा व्हेनिअरची गरजच उरत नाही, उरली तर कमी तासून भागतं. त्यात काही महिने जातात, कधी दीड वर्ष जातं. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, हे मला कळतं. तरीही तीन आठवड्यांच्या घाईत घेतलेला निर्णय पुढची पन्नास वर्षं तोंडात राहणार आहे.

तासण्याआधी मॉक-अप मागून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. आम्ही दातांच्या मॉडेलवर मेण चढवून नवे दात कसे दिसतील ते घडवतो. त्यावरून सिलिकॉनचा साचा करतो. डॉक्टर त्यात तात्पुरतं रेझिन भरून तुमच्या न तासलेल्या दातांवर बसवतात. काही मिनिटांत नवा आकार तोंडात येतो, आवडला नाही तर काढून टाकता येतो. दातांचा आकार वाढवायचा असतो तिथे याचा फार उपयोग. आरशात एकदा पाहून 'छान' म्हणू नका. डॉक्टर तयार असतील तर एक-दोन दिवस ते तसंच ठेवून घरी जा. चहा प्या, फोनवर बोला, घरच्यांना बघू द्या. मी शक्य असेल तर क्लिनिकमध्ये जाऊन त्या माणसाला बोलतं करते. 'व' आणि 'फ' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या-कोरड्या रेषेला अलगद टेकायला हवी. वही, विहीर, फळा असे शब्द म्हणायला लावले की दात लांब झालेत का ते लगेच कळतं. मग आकडे म्हणायला सांगते. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात. तिथे शिटी वाजली किंवा दात आपटले तर मेणावर परत काम. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी तर मॉक-अप लावून मला अख्खी हजेरी घेऊन दाखवली. 'शिंदे, सावंत, साळुंखे' या ओळीला त्या अडखळल्या. पुढच्या दोन दातांची कड मी किंचित कमी केली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हजेरी घेतली. दात तासल्यावर, पोर्सेलीन चिकटवल्यावर हे कळलं असतं तर दुरुस्ती करणं किती अवघड गेलं असतं.

रंगाबद्दल बोलायला बसले तर मी थांबणार नाही. व्हिटा कंपनीची रंगांची पट्टी १९५६ पासून जगभर वापरात आहे. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी पिवळसर, सी राखाडी, डी तांबूस-राखाडी. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचे दात मला ए गटात सापडतात. हल्ली मागणी असते त्या ब्लीच शेडची, ज्या जुन्या पट्टीत नव्हत्याच. 'बीएल-१ द्या,' असं लोक मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणतात. त्या फोटोतला उजेड, मेकअप, फिल्टर यांतलं काहीच आपल्या घरातल्या ट्यूबलाइटखाली नसणार. मी आरसा देते आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे बघायला सांगते. दात त्याहून पांढरे झाले की समोरच्याची नजर आधी दातांवर जाते, माणसावर नंतर. रंग ठरवायचा तो दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आणि भेटीच्या सुरुवातीलाच. तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. तासभर काम झाल्यावर कोणी पट्टी लावली तर ती शेड चुकणार.

आणखी एक गोष्ट कामाच्या टेबलावरच कळते. पोर्सेलीन पातळ असतं म्हणून खालच्या दाताचा रंग त्यातून झिरपतो. सहा दातांपैकी एक जुन्या मारामुळे काळवंडलेला असेल तर सहाही सारखे दिसणं ही मोठी कसरत असते. त्या एकाला आतून ब्लीच करून उजळता येतं का ते आधी पाहावं. एकूणच दात उजळ करायचे असतील तर ब्लीचिंग आधी, व्हेनिअर नंतर. पोर्सेलीनवर ब्लीचचा काही परिणाम होत नाही. आणि ब्लीचनंतर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमकुवत करतो.

मॉडेलवर मला माणसाच्या सवयीही दिसतात. सुळ्यांची टोकं सपाट झाली असतील, पटाशीच्या कडा तिरक्या घासल्या असतील, तर तो माणूस झोपेत दात खातो हे मी त्याला न भेटता सांगू शकते. डॉक्टरांना मी तसं कळवते. अशा तोंडात व्हेनिअर बसवायचंच तर रात्री नाइट गार्ड लावणं आलंच, आणि ते लावायची तयारी नसेल तर काम न केलेलं बरं. दाताने ऊस सोलणारे, सुपारी फोडणारे, शिवणकामात दोरा तोडणारे, पिशवीची गाठ सोडवणारे, या सगळ्यांनी आपली सवय डॉक्टरांना खरी खरी सांगावी. मिश्री लावणाऱ्या काकूंनी ती सांगायला संकोचू नये. हिरडी सुजलेली आणि रक्त येणारी असेल तर माप नीट येत नाही आणि चिकटवताना रक्ताचा थेंबही पकड बिघडवतो. आधी दात साफ करून हिरड्या बऱ्या करायच्या, मग माप.

मध्यंतरी एक मुलगी शेड घ्यायला आईसोबत लॅबमध्ये आली होती. मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली. वरच्या दातांवर तपकिरी डाग आणि खडूसारखे पांढरे चट्टे. फ्लोरोसिस. त्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. बालपणी इनॅमल घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं की ते सच्छिद्र बनतं आणि नंतर डाग धरतं. कॉलेजच्या ओळखपत्रापासून तिच्या प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले होते. आई म्हणाली, "आमच्या इकडे पोरांचे दात असेच राहते, ताई. गावात कोणाले काही वाटत नव्हतं. इथं आल्यावर हिले लाज वाटाले लागली."

आधी कुठेतरी तिला वरचे दहा दात करून घ्यायला सांगितलं होतं. तिला आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टर बाई मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. आधी मायक्रोॲब्रेजन, म्हणजे सौम्य ॲसिड आणि खरखरीत पेस्टने अगदी वरचा डागाळलेला थर घासून काढणं. मग घरी ट्रेमध्ये जेल घालून काही आठवडे ब्लीचिंग. उरलेल्या पांढऱ्या चट्ट्यांत पातळ रेझिन जिरवलं, त्याने चट्टा आजूबाजूच्या इनॅमलच्या रंगात मिसळून जातो. पुढच्या मधल्या दोन दातांवर खड्डे होते, ते या कशानेच भरणारे नव्हते. तेवढी दोन व्हेनिअर मी बनवली. शेजारच्या दातांवर ब्लीचनंतरही पुसटशा पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, तशा दोन बारीक रेघा मी माझ्या पोर्सेलीनमध्येही ओढल्या, म्हणजे दोन दात उपरे दिसणार नाहीत. दहाचं काम दोनावर आलं. डॉक्टरांचं बिल कमी झालं, आमचंही झालं. तिचे आठ दात तासावे लागले नाहीत. माझ्या कामात मला यापेक्षा मोठं समाधान फारसं मिळालेलं नाही.

ती बावीस-तेवीस वर्षांची होती, आणि वयाचा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून इथे मांडते. चांगलं बसवलेलं, चांगलं जपलेलं व्हेनिअर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं, काही त्याहून जास्त. पण 'लाइफटाइम' म्हणून विकलं जातं तसं ते आयुष्यभराचं नसतं. हिरडी वयाप्रमाणे वर सरकते आणि कडेची रेघ उघडी पडते, तुकडा उडतो, कड काळवंडते. पंचविशीत केलेलं काम पुढे दोन-तीनदा बदलावं लागणार. प्रत्येक वेळी जुनं तासून काढताना खालचा दात थोडा थोडा जातो. म्हणून खर्चाचा विचार करताना पहिलं बिल पाहू नका, पुढची दोन बिलंही धरा. कंपोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचं, व्हेनिअर स्वस्त पडतं, पुष्कळदा न तासता होतं, एका बैठकीत होतं. ते लवकर डाग धरतं, चमक जाते, पण दुरुस्त करता येतं. तरुण वयात, कडेचा छोटा तुकडा उडालेला असताना किंवा मधली फट भरायला, मी स्वतःच्या घरच्या माणसाला आधी तेच सुचवेन. ऑनलाइन मिळणारे, दातांवर अडकवायचे प्लास्टिकचे दात आणि ब्युटी पार्लरमध्ये 'स्माइल' करून देणारे, यांच्या वाटेला जाऊ नका. दातावर काम करायचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्याचाच आहे.

काम झाल्यावर एक गोष्ट मागून घ्यायला बहुतेक लोक विसरतात. अलीकडे ठाण्याचे एक काका तुटलेलं व्हेनिअर रुमालात गुंडाळून घेऊन आले. बारा वर्षांपूर्वीचं काम, डॉक्टर निवृत्त, लॅब बंद झालेली. पोर्सेलीन कोणतं, शेड कोणती, खालचा दात मुळात कसा होता, काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या पाच व्हेनिअरशी जुळणारं एक करायला आम्हाला फार झटावं लागलं, आणि तरी संध्याकाळच्या उजेडात मला त्यातला फरक दिसतो. म्हणून तासण्याआधीचा स्कॅन, तेव्हाचे फोटो, अंतिम शेड, पोर्सेलीनचं नाव आणि चिकटवायला वापरलेल्या सिमेंटचा रंग, एवढं लिहून मागा. स्कॅनची फाइल पेन ड्राइव्हवर सहज मिळते. प्लास्टरचं मॉडेल असेल तर घरी कपाटात ठेवायला ओंजळभर जागा पुरते.